सुखानं म्हणजे नेमकं किती?

...नाही, पण मला एक सांगा, हा काय माणसाला विचारायचा प्रश्न झाला? नाव विचारा, वय विचारा, रक्तगट विचारा, सांगतो की! बुटाचा नंबर विचारा, तोही सांगतो! पण भर ऑफिसात, खुर्चीत रेलून, पेनाचं टोपण चावत चावत साहेब मला विचारतात, ‘तुमच्या कुटुंबाला तिकडे सुखानं राहायला महिन्याला किती लागतील?’ आता? काय बोलायचं माणसानं? मी म्हटलं, ‘साहेब, सुखानं म्हणजे नेमकं किती?’ तर म्हणाले, ‘अहो, तेच तर मी तुम्हाला विचारतोय!’ आणि परत टोपण तोंडात.

थांबा, तुम्हाला सांगतो, आधीपासून सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल हा गृहस्थ उगाच तक्रार करतोय, साहेब पगार विचारतोय आणि हा रडतोय. तर मी वजनकाटे दुरुस्त करतो. काटे! औषधाची चिमूटभर पूड तोलायचा नाजूक काटा असो नाहीतर भरलेला ट्रक चढवायचा लोखंडी काटा असो, बिघडला की आणा माझ्याकडे. आयुष्य गेलं माझं त्यात. हातात वस्तू घेतली की वजन सांगतो मी! ही बाजारातून पिशवी घेऊन आली की मी नुसती उचलतो आणि म्हणतो, कांद्यात मारलं तुला. आणि मारलेलं असतं! असा मी माणूस. आणि आमचं वर्कशॉप बंद होतंय. इमारत विकली कंपनीनं. आम्ही चार कारागीर, आणि दुसरीकडे जागा किती, तर तीन! एक मोठ्या शहरात, एक मधल्या गावात, आणि एक पार लांब, दगडाच्या खाणीवर. साहेबांची पद्धत अशी, की जागा तुम्ही निवडा, पगाराचा आकडाही तुम्हीच सांगा. ‘फक्त एकदाच सांगायचा. घासाघीस मला जमत नाही. पटला तर सही, नाही पटला तर ती जागा दुसऱ्याला. सोमवारी या.’

म्हणजे बघा हं. जास्त सांगितला, तर जागा गेली, घरी बसा. कमी सांगितला, तर जागा मिळाली, पण आयुष्यभर बसा हात चोळत! आणि दोन्हीच्या मधे कुठेतरी तो आकडा लपून बसलाय, आणि तो मी शोधायचा.

घरी आलो. ही चपला घालून दारातच, कामाला निघालेली. आमची ही दातांच्या कवळ्या बनवतात ना, तिथे काम करते. कवळ्या घासून चकचकीत करायच्या. गावातले निम्मे म्हातारे हिच्या जिवावर हसतात! तर मी हिला सगळं सांगितलं. ही म्हणाली, ‘अहो, मग आधी आपल्या घराला इथे किती लागतं, ते—’ मी म्हटलं, ‘तू थांब गं! इथलं मला माहितीये. प्रश्न तिथला आहे.’ माहितीये म्हणजे काय, माहीत असायला आहेच काय त्यात? पगाराच्या दिवशी मी घरी येतो, पाकीट हिच्या हातात देतो. न उघडता! त्यातून हिनं मला बसभाडं आणि एका चहाचे पैसे द्यायचे, विषय संपला. मग महिनाभर जेवायला मिळतं, दिवे लागतात, पोरगी शाळेत जाते. म्हणजे पाकीट पुरतं. साधं गणित आहे. हिचा पगार? तो हिचा हिच्याकडे. मी बाबा त्यात कधी लक्ष घालत नाही, आहे माझा तेवढा मोठेपणा!

तर मी ठरवलं, चौकशी करायची. काटा बिघडला तर मी ऑफिसात बसून सांगतो का काय झालंय ते? जाऊन बघतो! तसं तिन्ही ठिकाणी जायचं, आपल्याच माणसांना विचारायचं, की बाबांनो, तुम्हाला किती लागतात? त्यात थोडं इकडचं तिकडचं केलं की झाला आकडा. सोपं वाटतं की नाही? मलाही वाटलं होतं.

पहिला गेलो मोठ्या शहरात, मेव्हण्याकडे. हिचा धाकटा भाऊ. इतक्या वरच्या मजल्यावर राहतो की लिफ्टमधून बाहेर पडेपर्यंत माझे कान बंद. घर म्हणजे काय सांगू... जेवायचं टेबल भिंतीला मिटवलं की तिथून पलंग निघतो, पलंग काढला की बाथरूमचं दार उघडत नाही, म्हणजे झोपायच्या आधी सगळ्यांनी सगळं उरकून घ्यायचं! रात्री कुणाला अडचण आली तर सगळं घर उठून उभं राहतं! दोघं नवराबायको कमावतात, म्हटलं, चांगला पगार असणार, विचारावं. चहा पिता पिता सहज म्हटलं, ‘काय रे, महिन्याला किती लागतात तुम्हाला?’

तुम्हाला सांगतो, त्याचा चेहरा असा पडला! कप खाली ठेवला, बायकोकडे बघितलं, बायकोनं पुढे केलेली बिस्किटं मागे घेतली. ‘भावोजी, काय सांगू तुम्हाला... भागतच नाही हो! गाडी घेतली, तर ती उभी करायला भाडं. ती परवडत नाही म्हणून बसनं जातो, तरी गाडी उभी असल्याचं भाडं आहेच! मुलाला सांभाळणाऱ्या बाईंचा पगार तर... भावोजी, माझ्यापेक्षा जास्त आहे हो त्यांचा! कधीकधी वाटतं, मीच घरी राहून त्याला सांभाळावं आणि स्वतःलाच पगार द्यावा!’ मी म्हटलं, अरे, पण सुखानं राहायला किती? तर खिडकीबाहेर बघत म्हणाला, ‘आत्ता मिळतात त्यापेक्षा थोडे जास्त मिळाले ना... तर मग काही नाही.’

मी घरी पोचायच्या आधी त्याचा हिला फोन! ‘ताई, भावोजी उसने मागायला आले होते का गं? खरं सांग, काही अडचण आहे का?’ घ्या! म्हणजे त्या माणसानं मला जे काही सांगितलं ते मी पैसे मागू नयेत म्हणून! त्यातलं खरं किती आणि माझ्या धाकानं किती? काट्यावर वस्तू ठेवायच्या आधीच काटा हललेला!

ही म्हणाली, ‘अहो, मी काय म्हणते, आपण दोघं बसून आधी आपलं—’ मी म्हटलं, ‘तू थांब! अजून दोन ठिकाणं राहिलीत.’

मग मधलं गाव. तिथे माझी चुलत बहीण. तिच्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान आहे, भर चौकात. घर हे एवढं! पुढे अंगण, मागे अंगण, वर खोल्या. मी आता शहाणा झालेलो. दारातच सांगून टाकलं, ‘हे बघ, मला पैसे नकोयत. मी नुसतं विचारायला आलोय, की इथे तुम्हाला किती लागतात.’ झालं! तिला वाटलं, हा आमच्याशी बरोबरी करायला आला! ‘आम्हाला ना, दादा, काही म्हणजे काही कमी नाही! हा बघ नवा फ्रिज. आणि हा जुना, तोही चालू आहे, त्यात फक्त बर्फ! हे कपाट बघ. उघड, उघड, लाजतोस काय! या चादरी आम्ही वापरतसुद्धा नाही, इतक्या आहेत!’ एकेक कपाट उघडून दाखवलं तिनं मला. टॉवेल दाखवले! सख्ख्या भावाला एक वेळ ठीक, पण चुलत भावाला माणसानं टॉवेल दाखवावेत? मी प्रत्येक टॉवेलला ‘वा, वा’ करतोय. मान दुखायला लागली माझी!

ती चहा करायला आत गेली. तोवर चष्म्यावाले मेहुणे गप्प बसलेले, माझ्या कानाशी आले. ‘दादा, वरच्या खोल्या आम्ही उघडतच नाही. उघडल्या की झाडाव्या लागतात, झाडायला माणूस ठेवावा लागतो. गावात सगळे ओळखीचे, चष्मा घेऊन जातात, पैसे नंतर देतो म्हणतात. मी तरी काय करू? पैसे दिले नाहीत म्हणून नाकावरचा चष्मा काढून घेऊ? रस्त्यात मला ओळख द्यावी लागू नये म्हणून मुद्दाम चष्मा न घालता फिरतात हो लोक!’ मी हळूच म्हटलं, ‘मग सुखानं राहायला किती?’ स्वयंपाकघराकडे एक नजर टाकून म्हणाले, ‘आत्ता मिळतात त्यापेक्षा... थोडे जास्त.’

आता माझं डोकं भणभणायला लागलं. पहिला म्हणतो भागत नाही, दुसरी म्हणते काही कमी नाही, आणि दोघांचा आकडा एकच. थोडे जास्त!

म्हटलं, खाणीवर तरी खरं ऐकायला मिळेल. तिथे आमचा जुना दोस्त, लांब्या. लांब्या म्हणजे दारातून येताना वाकतो आणि एकदा आत आला की परत सरळ व्हायचं विसरतो, असा. खाणीवरच्या ट्रकच्या काट्यावर बसतो. बस मला फाट्यावर सोडून गेली, पुढे आपले पाय. जिकडे बघावं तिकडे पांढरी धूळ. लांब्यासुद्धा पांढरा! ओळखू येईना, फक्त लांबीवरून ओळखला. म्हटलं, ‘लांब्या, पैसे नकोत, बरोबरी करायची नाही, फक्त सांग. सुखात आहेस?’

‘अरे, मजेत! घर कंपनीचं, वीज कंपनीची, पाणी कंपनीचं. पैसे खर्च करायचे म्हटलं तरी दुकान नाही! एकच दुकान आहे, त्यात काडेपेट्या आणि साबण. माणूस महिन्याला साबण घेऊन घेऊन किती घेणार?’ मला काय आनंद झाला, सांगू! म्हटलं, सापडलं! सापडलं सुख! मी विचारलं, ‘मग शिल्लक राहत असेल भरपूर?’ तर तो खाली बसला. ‘शिल्लक कसली? मुलांना शाळा नाही इथे, म्हणून बायको मुलांना घेऊन गावात राहते. तिकडे एक चूल, इकडे एक चूल. तिकडचं भाडं, जायचं यायचं... आणि परवा दाढ दुखायला लागली, तर दाढ काढायला दोन बस बदलून गेलो, डॉक्टर नव्हता, परत आलो, परत गेलो. दाढेपेक्षा बसला जास्त गेले रे!’ मी म्हटलं, ‘लांब्या, तोंड उघडू नकोस. पुढचं मला माहितीये.’ तरी उघडलंच. ‘मिळतात त्यापेक्षा थोडे जास्त असते ना...’

आता तुम्ही सांगा! मी वजनाचा माणूस. माझ्या पेटीत किलोचं वजन आहे, ग्रॅमचं आहे, चिमट्यानं उचलायचं इवलंसं पत्र्याचं वजन आहे, शिंकलं तर उडून जाईल इतकं हलकं. पण ‘थोडं’ हे वजन माझ्या पेटीत नाही हो! शहरातलं थोडं मोठं की खाणीवरचं थोडं मोठं? आणि ते थोडं मिळालं की त्याच्यावर पुन्हा एक थोडं लागतं की नाही? मग मोजायचं कसं? सुखानं म्हणजे नेमकं किती? बसमध्ये शेजारच्या बाईंना विचारलं मी शेवटी, तोल सुटला माझा! त्या उठून पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

रविवारी रात्री जेवताना ही म्हणाली, ‘अहो, आता तरी माझं ऐका—’ मी म्हटलं, ‘तू थांब, मला सापडलाय!’ कारण मला खरंच सापडला होता. बघा, सगळे काय म्हणतात? मिळतात त्यापेक्षा थोडे जास्त. मग माझं पाकीट, अधिक थोडे! आहे की नाही अक्कल? गाव मधलं. तिथे शाळा आहे, डॉक्टर आहे, गाडी उभी करायला भाडं नाही, आणि फार तर बहिणीचे टॉवेल बघावे लागतील, बघू! आकडा मी तुम्हाला सांगत नाही. सांगितला की तुम्ही लगेच मनातल्या मनात स्वतःच्या पगाराशी लावून बघणार, काहींना माझी कीव येणार, काहींना राग येणार, आणि मग माझं ऐकणार कोण?

सोमवारी साहेबांसमोर बसलो. म्हटलं, मधलं गाव, आणि आकडा सांगितला. वाटलं होतं, टोपण चावतील, छताकडे बघतील, विचार करतो म्हणतील. कसलं काय! माझा शेवटचा शब्द तोंडातून पडतोय तोवर, ‘ठीक आहे! संध्याकाळी कागद तयार होतो, उद्या सही करू.’ आणि हसले! साहेब हसले! आमच्या साहेबांना हसताना कुणीच बघितलेलं नाही. मी बाहेर आलो, आणि जिन्यात मला घाम फुटला. इतकं पटकन ‘ठीक आहे’? म्हणजे जागा मिळाली म्हणून आनंद करायचा, की कमी सांगितलं म्हणून रडायचं? अर्धा जिना आनंदात उतरलो, अर्धा रडत.

घरी आलो. ही कवळ्या घासून दमून आलेली, पाय सोडून बसली होती. ‘किती सांगितलंत?’ मी ऐटीत सांगितलं. हिचा चेहरा... नाही, चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. सोडलेले पाय जवळ घेतले. मग म्हणाली, ‘अहो, यापेक्षा जास्त तर आपल्याला आत्ताच लागतात.’

मी म्हटलं, ‘कसं शक्य आहे? पाकिटात तर याहूनही कमी असतात!’

‘पाकिटातून किराणा होतो, वीज होते, शाळा होते. घराचं भाडं कुठून जातं?’ मी म्हटलं, ‘पाकिटातून.’ ‘भाडं माझ्या कवळ्यांतून जातं. तुमच्या आईंना दर महिन्याला औषधाचे जातात ते?’ मी म्हटलं, ‘ते भाऊ पाठवतो ना?’ ‘भाऊ फोन करतो. पैसे मी पाठवते. आणि अंगात कोट आहे तो?’ मी कोटाकडे बघितलं. हा कोट कंपनीनं दिलाय, अशी माझी समजूत! कारण हिनंच तसं सांगितलं होतं! ‘आणि त्या मधल्या गावात कवळ्यांचं काम नाही. मी फोन करून विचारलं. म्हणजे माझा पगार गेला. हेच तर मी आठवडाभर सांगतेय, पण तुम्ही मला बोलू द्याल तर ना!’

अहो, माझ्या धंद्यातली पहिली गोष्ट काय? काटा चुकीचं वजन दाखवायला लागला, की सुटा करायच्या आधी खाली वाकून बघायचं, पारड्याला खालून कुणाचा हात लागलाय का! शिकाऊ पोराला पहिल्या दिवशी हे शिकवतात. आणि माझ्या स्वतःच्या घरात, इतकी वर्षं, हिचा हात पारड्याखाली, आणि मी वरनं बघून म्हणतोय, वा, पाकीट काय पुरतं! लाज वाटली हो मला. कोट अंगातून काढावासा वाटला, मग वाटलं, हिला वाईट वाटेल, म्हणून परत बटणं लावली.

मी म्हटलं, ‘अगं, मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?’ तर म्हणाली, ‘काय सांगायचं? पगाराच्या दिवशी तुम्ही दारातून येता, पाकीट असं हातात धरून, न उघडता, छाती काढून... ते बघायला मला आवडतं. सांगितलं असतं तर आलात असता का तसे?’

तेवढ्यात आतून पोरगी म्हणते, ‘बाबा, तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?’ म्हणजे पोरीलाही माहीत! सगळ्या घराला माहीत, एक मी सोडून! मी हरलो. हिला म्हटलं, ‘बरं बाई, आता तूच सांग. सुखानं म्हणजे नेमकं किती?’

ही म्हणाली, ‘तुम्हाला आजवर कधी विचारावं लागलं नाही ना? तेवढं.’

दुसऱ्या दिवशी कामावर खाडा करून ही माझ्याबरोबर ऑफिसात. मी म्हणतोय, ‘अगं, साहेब आकडा एकदाच घेतात, त्यांना घासाघीस जमत नाही, जागा जाईल!’ ऐकते कशाला! मला म्हणाली, ‘तुम्ही थांबा.’ आणि मी थांबलो! बाहेरच्या स्टुलावर. दार लावता लावता एवढंच ऐकू आलं, ‘साहेब, तुम्ही विचारलंत, घर सुखानं चालायला किती लागतील. घर मी चालवते. मग यांना विचारून तुम्हाला उत्तर कसं मिळेल? आकडा एकदाच सांगायचा ना? मग तो अजून सांगितलेलाच नाही.’ पुढे दार बंद. मी दाराला कान लावला, शिपायानं मला उठवून परत स्टुलावर बसवलं. एकदा साहेबांचा आवाज आला, ‘बरोबर आहे, बरोबर आहे.’ एकदा हिचा. एकदा काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला, बहुतेक पेनाचं टोपण. माझा जीव टांगणीला! गेली जागा, म्हटलं, आता बसू घरी, शिकू कवळ्या घासायला!

दार उघडलं. ही बाहेर आली, पर्स बंद केली, म्हणाली, ‘चला.’

तर आता सामानसुमान बांधून आम्ही मधल्या गावात आलोय. जागा तीच, काटे तेच. कागदावर सही मी केली, पण आकड्यावर हिचा तळहात होता! घर छोटंसं आहे, पण पलंग काढला तरी बाथरूमचं दार उघडतं. आईला दर महिन्याला पैसे जातात, हे आता मला माहीत असतं. बहीण आली होती, हिनं तिला टॉवेल दाखवले. पगाराच्या दिवशी मी छाती काढून येतो, पाकीट हिच्या हातात देतो, न उघडता, कारण ते ऑफिसातूनच चिकटवून द्यायचं, असं हिनं साहेबांशी परस्पर ठरवलंय! हातात घेतल्यावर वजन सांगणारा माणूस मी, पण नोटा मोठ्या की छोट्या हे हाताला कळत नाही हो! मी विचारलं एकदा, ‘अगं, शेवटी पगार ठरला तरी किती माझा?’ तर म्हणाली, ‘सुखानं राहण्याइतका.’

आता सुखानं म्हणजे नेमकं किती, ते... जाऊ दे. पूर्वी मला बसभाडं आणि एका चहाचे पैसे मिळायचे. आता दोन चहांचे मिळतात. त्यावरून काय तो अंदाज तुम्हीच करा, आणि कळला तर मलाही सांगा.